चोवीस मिलिमीटर

तुळजा गायकर जिना चढून वर आली तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या आणि डाव्या गालावर पाच बोटांचे वळ होते. फेब्रुवारी १९९४ मधला शनिवार होता. निजामपुऱ्यातील त्या इमारतीच्या तळमजल्यावर कापड विणणारे सोळा लूम चालत, आणि त्यांच्या दणक्याने वरच्या कार्यालयातील काचेचा पेला टेबलाच्या कडेकडे सरकत राही. तो पडण्याआधी मागे ओढणे हे दत्तोपंतांचे अलिखित काम होते.

दत्तोपंत देव न्यायालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कार्यालय विद्युल्लता कर्णिक यांचे. दहा वर्षे त्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होत्या. एका अहवालातील आकडा बदलण्याची सूचना आली, ती त्यांनी लेखी मागितली, आणि महिन्याभरात त्या नोकरीबाहेर पडल्या. तेव्हापासून त्या खाजगी तपास करत.

तुळजाने पाणी घेतले नाही. ती सांगत गेली आणि दत्तोपंत लिहून घेत गेले. तिचा नवरा नवशा, वय सव्वीस, मंगळवारी दुपारी काल्हेरच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलताना कोसळला आणि जागीच मेला. त्याआधी अर्धा तास त्याने तिने दिलेला डबा खाल्ला होता. बुधवारी थोरला दीर चिंधू याने पोलिसांत तक्रार दिली की भावजयीने विष घातले. गुरुवारी दिघाशीतल्या भगताने तिला चेटकीण ठरवले. त्याच दिवशी सासू धोंडूबाईने तिला घराबाहेर काढले आणि अकरा महिन्यांचे मूल ठेवून घेतले.

तिची चोळी पुढून ओली होती. विद्युल्लताबाईंनी एकदा तिकडे पाहिले आणि पेनाचे टोपण इतके घट्ट बसवले की ते नंतर दत्तोपंतांना निघेना.

"इन्स्पेक्टर बोलला, सोमवारी अटक," तुळजा म्हणाली. "मला आत टाका, मी न्हाय म्हनत न्हाय. पन पोराला दूध पाजू द्या. त्याला वरचं दूध सोसत न्हाय."

"तुम्ही विष घातलेत का?"

"न्हाय."

"ठीक. लग्न कधी झाले?"

"ब्याण्णवच्या मे महिन्यात."

पोलीस ठाण्यातील इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. तो घाईतला माणूस होता, आणि विद्युल्लताबाईंच्या मते पहिल्यापेक्षा दुसरा अधिक नुकसान करतो. त्याने कागद पुढे केले. नवशाचा बाप अडतिसाव्या वर्षी शेतात अचानक मेला होता. सर्वात थोरला भाऊ हरी एक्याण्णव साली कबड्डी खेळताना मेला. हरीचे शवविच्छेदन मुंबईत झाले आणि हृदयाचा स्नायू बेसुमार जाड निघाला. हा रोग वंशातून येतो, सगळ्यांना तपासून घ्या, असे तिथल्या डॉक्टरांनी कळवले. त्याच वर्षी निजामपुऱ्यात हृदयतपासणीचे शिबिर भरले, तेव्हा उरलेल्या दोन भावांची सोनोग्राफीसारख्या यंत्रावर तपासणी झाली. चिंधू रोगी निघाला. नवशा निर्दोष निघाला.

"म्हणजे हृदयाचा प्रश्न मिटला," इन्स्पेक्टर म्हणाला. "सव्वीस वर्षांचा धडधाकट माणूस, हृदय चांगले असल्याचा डॉक्टरी कागद, आणि जेवणानंतर अर्ध्या तासात मृत्यू. विष नाही तर दुसरे काय? रासायनिक अहवालाला दोन महिने लागतील. तोवर मी काय करू?"

विद्युल्लताबाई शवविच्छेदनाचा छापील तक्ता वाचत होत्या. यकृताचे वजन लिहिलेले होते. प्लीहेचे होते. हृदयासमोर 'विशेष काही नाही' असा शेरा होता आणि वजनाचा रकाना कोरा होता.

"इथे आकडा का नाही?"

इन्स्पेक्टरने खांदे उडवले. "हृदय चांगले होते असे आम्हीच कळवले होते ना त्यांना."

"म्हणजे तुम्ही सांगितले म्हणून त्यांनी पाहिले नाही, आणि त्यांनी लिहिले म्हणून तुम्ही विश्वास ठेवला." त्यांनी तक्ता परत ठेवला. "प्रयोगशाळेत याला आम्ही पुरावा म्हणत नव्हतो."

काल्हेरच्या गोदामात मुकादम केसरीनाथ भेटला. टोळी दुपारच्या सुट्टीत होती. तो गाठीवर बसूनच बोलला, पण बोलता बोलता उठून उभा राहिला.

"पाच वर्षं माझ्याकडे होता, मॅडम. वरचा माणूस. थप्पी छपराला लागली की बाकीचे शिडी मागतात, हा नुसता हात वर करायचा. त्या दिवशी सहावी गाठ टाकली आणि खाली बसला. मी बोललो, काय रे, थकला काय, घोडा? तर हसला. उठायला गेला आणि पालथा पडला. बस. एवढाच टाइम."

डब्याबद्दल विचारताच त्याला हसू आले, आणि लगेच त्याची लाज वाटली. गोदामात एकट्याचा डबा नसतो, त्याने सांगितले. सगळे गोल बसतात, डबे मध्ये उघडतात, ज्याचा हात पोचेल ते तो खातो. नवशाच्या डब्यातली निम्मी सुकट केसरीनाथनेच खाल्ली होती.

"पोलिसांना हे सांगितलेत?"

"त्यांनी विचारलंच नाय. डब्यात काय होतं ते विचारलं. कोणी खाल्लं ते नाय विचारलं."

नवशाला गेल्या दीड वर्षात दोनदा गाठ उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्याआधी कधी नाही. थोरला भाऊ चिंधूही पूर्वी याच टोळीत होता. एक्याण्णवपासून हार्टवाला म्हणून घरी बसला. विद्युल्लताबाईंनी विचारले की गोदामात आत येणारा माणूस तोच आहे हे कसे पाहतात.

"पास नंबरचा असतो. आज हा, उद्या याचा भाऊ बदली. ह्या दोघांचं तर कायम चालायचं. थप्पी लागल्याशी मतलब. हात कुणाचे, ते कोण बघतो?"

रिक्षात दत्तोपंतांनी आपला विचार मांडला. डबा निर्दोष ठरला तरी सकाळच्या चहात विष देता येते, आणि एखादे विष सावकाश भिनणारे असू शकते.

"सहाला पोटात जाते, सात तास गाठी उचलू देते, जेवू देते, हसू देते आणि मग एका क्षणात माणूस पाडते. असे विष मला ठाऊक नाही, दत्तोपंत. असा हृदयरोग मात्र ठाऊक आहे."

"पण तो कागद?"

"तोच तर बघायला निघालो आहोत."

दिघाशीच्या घरात तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या फळीशेजारी टांगलेला होता. धोंडूबाई मूल मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या तोंडात चमच्याने साखरपाणी घालत होती. मूल ते थुंकत होते. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"सुपारीला ह्योच कागद पुढं ठेवला," ती म्हणाली. "पोरीचा बाप बोलला, ह्या घरात दोन गडी असं मेलं, पोरगी कशी देऊ? कागद दावला तवा गप बसला. माझा नवशा नवसाचा. त्याला रोग नव्हता. ती घरात आली, चूल हातात घेतली, नि त्याला चकरा चालू झाल्या. त्याच्या आधी कंदी न्हाय. देवाशपथ सांगते, कंदी न्हाय."

"हे मी लिहून घेते," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "अगदी तुमच्याच शब्दांत."

चिंधू आतून भिंतीला धरत धरत आला. दत्तोपंतांनी उठून त्याला हात दिला आणि बाजेवर बसवले. त्याच्या अंगात मेलेल्या भावाचा चौकड्याचा शर्ट होता; बाह्या दोनदा दुमडूनही मनगटाखाली उतरत होत्या. आपल्याला जास्त बोलवत नाही, असे सांगून तो पुष्कळ बोलला. बायको वीटभट्टीवर जाते. आपल्याला बादलीही उचलायची मनाई आहे. डॉक्टरच्या गोळ्या रोज तीन, तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

"त्याच गोळ्या ना, नाडी मंद करणाऱ्या? नाडी पाहू का?"

त्याने मोठ्या हौसेने हात पुढे केला. विद्युल्लताबाईंनी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली आणि वहीत लिहिले: अठ्ठ्याण्णव.

ओसरीवर चिंधूची नऊ वर्षांची मुलगी मैना पाय पोटाशी घेऊन बसली होती. समोरच्या अंगणात बाकीच्या मुली लंगडी खेळत होत्या. तू का खेळत नाहीस, असे दत्तोपंतांनी विचारले.

"मला पळायचं न्हाय. बाबाचा रोग माझ्यात पन आसंल. मास्तरांनी बी सांगितलंय, कवायतीला बसून ऱ्हा."

परतीच्या वाटेवर विद्युल्लताबाईंनी वहीतल्या नाडीच्या आकड्याखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "तीन वर्षे, दत्तोपंत. नऊ वर्षांच्या मुलीला तीन वर्षे बसवून ठेवले आहे." बापच आजारी, तर मुलीला जपणारच, असे दत्तोपंत म्हणाले. त्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती पाहून दत्तोपंत रिक्षाबाहेर बघू लागले.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सुधीर चित्रे यांचा दवाखाना रविवारी बंद असे. विद्युल्लताबाईंनी तो उघडायला लावला. शिबिराची नोंदवही त्यांच्याकडेच होती. हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला स्नायूचा पडदा या रोगात जाड होतो, त्यांनी समजावले. दहा-अकरा मिलिमीटरपर्यंत ठीक. रोग असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. ज्याला मिळाला नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून तो येत नाही.

मग त्यांनी नोंद वाचून दाखवली. नवशा गायकर, वय तेवीस, उंची एकशे साठ सेंटिमीटर, वजन बावन्न, पडदा नऊ मिलिमीटर. चिंधू गायकर, वय एकोणतीस, उंची एकशे एकोणऐंशी, वजन चौसष्ट, पडदा चोवीस मिलिमीटर.

दत्तोपंतांनी आकडे नीट उतरवून घेतले आणि त्यांत काहीच वावगे दिसले नाही.

"चिंधूला तुम्ही पुढे कधी तपासलेत?" विद्युल्लताबाईंनी विचारले.

डॉक्टरांनी कार्ड काढले. रुग्ण पुन्हा आला नव्हता. दर महिन्याला त्याची आई येऊन गोळ्यांची चिठ्ठी नेत असे. शेवटची चिठ्ठी एप्रिल ब्याण्णवची.

"आणि रुग्ण न पाहता तुम्ही ती देत होतात."

"शिबिरात एकशे दहा माणसे होती, बाई. नाव विचारायचे, झोपवायचे, पुढचा."

"मी शिबिराचे विचारले नाही. पण तेही आता विचारावे लागेल. उद्या दहा वाजता यंत्र तयार ठेवा."

सोमवारी दहा वाजता दवाखान्यात इन्स्पेक्टर होता. तक्रारदार म्हणून चिंधू आला होता. मूल कडेवर घेऊन धोंडूबाई आली होती, आणि दाराशी, तिच्यापासून दूर, तुळजा उभी होती. आईचा वास येताच मूल रडायला लागले. तुळजा पुढे झाली, तशी धोंडूबाईने पाठ फिरवली.

"मूल आधी तिच्याकडे द्या," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "बाकीचे नंतर." इन्स्पेक्टर घुटमळला. "अटक करायची असेल तर अर्ध्या तासाने करा. अकरा महिन्यांच्या मुलाला उपाशी ठेवण्याचा हुकूम तुमच्याकडे आहे का?"

नव्हता. तुळजा मूल घेऊन पडद्याआड गेली. रडणे थांबले.

"आता, चिंधू, त्या भिंतीला पाठ लावून उभे राहा."

भिंतीवर उंचीची पट्टी होती. डॉक्टरांनी फळी डोक्यावर टेकवली आणि इन्स्पेक्टरने आकडा वाचला. एकशे साठ. मग चिंधूला यंत्राखाली झोपवले. त्याने छातीत कळ येत असल्याचे सांगून पाहिले. डॉक्टरांनी तीन वेळा पडदा मोजला आणि तिन्ही वेळा नऊ मिलिमीटर भरला.

"चोवीस मिलिमीटरचा पडदा तीन वर्षांत नऊ होत नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या, "आणि माणूस एकोणीस सेंटिमीटरने आखूड होत नाही. गोदामात शिडीशिवाय छपरापर्यंत गाठी लावणारा नवशा होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या या माणसाच्या बोटांपर्यंत येतात. शिबिरात नवशाच्या नावावर चिंधू झोपला आणि चिंधूच्या नावावर नवशा. हे दोघे गोदामात रोज एकमेकांच्या पासवर जात. इथेही तेच केले. इन्स्पेक्टरसाहेब, तुमची सगळी केस ज्या कागदावर उभी होती, तो कागद मेलेल्या माणसाचा नाहीच. तो तक्रारदाराचा आहे."

"चूक झाली असेल," इन्स्पेक्टर म्हणाला. "गर्दीत."

"तर ती झाल्याचे कुणाला कळले नसते. पण यांना कळले होते. गोळ्या बघा. चिंधू म्हणतो, तीन वर्षे रोज घेतो. त्या गोळ्यांवर असलेल्या माणसाची बसल्या जागी नाडी साठीच्या आसपास हवी. याची अठ्ठ्याण्णव होती. म्हणजे हा घेत नाही. तरी आई दर महिन्याला चिठ्ठी नेत होती. मग त्या कुणाच्या पोटात जात होत्या? शेवटची चिठ्ठी एप्रिल ब्याण्णवची. मे मध्ये लग्न झाले आणि चूल सुनेच्या हातात गेली. धोंडूबाईंचेच शब्द आहेत: ती आली आणि चकरा सुरू झाल्या. ते खरे आहे. गोळ्या बंद झाल्या म्हणून सुरू झाल्या. सुनेच्या देखत देणार कशा? ती विचारणार, रोग नाही तर औषध कशाला?"

दत्तोपंतांनी वही उघडली, आकड्यांवर बोट ठेवले आणि ती मिटली.

धोंडूबाई जमिनीवर बसली. "ताकातनं द्यायचे," ती म्हणाली. "कुटून. लहानपनापासनं चढ चढला का त्याला धाप लागायची. कागदावर रोग लिवला आसता तर त्याला पोरगी कोनी दिली आसती? चिंधूचं तर लगीन झालंवतं. त्याच्या नावावर काय बी लिवलं तरी काय बिघडतंय, मी म्हनलं. भाव-भाव तर हायेत."

"नवशाला काय सांगितलेत?"

ती चिंधूकडे पाहत राहिली. तो बाजूच्या खुर्चीची कड खरवडत होता.

"मी बोललो त्याला," तो शेवटी म्हणाला, "का शिबिरात बदललेली नावं मागनं डॉक्टरला सांगून परत नीट केली. तुझाच कागद चांगला हाय म्हनून. त्याला वाचता कुठं येत होतं."

"म्हणजे धडधाकट तुम्ही बाजेवर बसलात. आणि ज्याला बादली उचलायची मनाई हवी होती, त्याने तुमच्या वाट्याच्याही गाठी उचलल्या." विद्युल्लताबाईंचा आवाज चढला नाही, तो एकेका शब्दावर थांबत गेला. "गोळ्यांनी तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. तेवढी खात्री विज्ञान देत नाही. पण जड काम बंद करणे एवढा एकच उपाय सर्वांना ठाऊक होता, आणि तुम्ही तो त्याच्यापासून चोरलात. तो मेल्यावर कुणी कागद पुन्हा वाचू नये म्हणून त्याच्या बायकोवर विषाचा आळ घेतलात. भगताकडे कोण गेले होते?"

धोंडूबाईने पदर तोंडावर ओढला.

इन्स्पेक्टरने टोपी काढून टेबलावर ठेवली. "कलम कोणते लावू?"

"खोटी फिर्याद देऊन निरपराध माणसाला गुन्ह्यात अडकवण्याचे दोनशे अकरा. लग्नातल्या फसवणुकीचे तुम्ही बघा. भाऊ मरू देण्याचे कलम असते तर मला बरे वाटले असते." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आणि तुम्ही. वंशातून येणारा रोग तपासताना समोरचा माणूस कोण, एवढे तुम्ही पाहिले नाहीत. उंची स्वतःच्या हाताने लिहिलीत आणि वाचली नाहीत. तुमच्या चुकीच्या दोन ओळींनी एकाला मारले, एका मुलीचे खेळणे बंद केले, आणि ज्या मुलाला तपासायला हवे होते त्याचा विचारही कुणी केला नाही. मैनाला आजपासून पळू द्या. तिच्या बापाला रोग नाही, तिला तो त्याच्याकडून येणार नाही. हे शाळेला लेखी कळवा. आजच."

डॉक्टर म्हणाले, कळवतो. त्यांनी सबब सांगितली नाही, हे विद्युल्लताबाईंनी मनोमन नोंदवले. पण त्यामुळे त्यांचा राग कमी झाला नाही.

तुळजा पडद्याबाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. झोपलेल्या मुलाला तिने स्वतः यंत्राखाली ठेवले आणि एक हात त्याच्या पोटावर राहू दिला. डॉक्टर बराच वेळ पाहत होते.

"आता पडदा ठीक आहे," ते म्हणाले. "पण या वयात ठीक असण्याला अर्थ नाही. रोग असला तर पुढे, वाढीच्या वयात दिसू लागतो. शक्यता निम्मी. तो मोठा होईपर्यंत दर वर्षी तपासावे लागेल."

"निम्मी म्हंजी अजून ठरलं न्हाय."

"ठरले आहे, पण आपल्याला दिसत नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "खोटा दिलासा मी देणार नाही. तुम्हाला तो पुष्कळ मिळाला आहे."

तुळजाने मान हलवली. तिने तपासणीचे कार्ड मागून घेतले, पुढच्या वर्षीची तारीख डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतली, आणि मूल खांद्यावर घेतले. इन्स्पेक्टर तिला काहीतरी म्हणणार होता; तिने वाट पाहिली नाही.

दारात धोंडूबाईने तिचा पदर धरला. नातवाला बघितल्याशिवाय आपण जगणार नाही, ती म्हणाली. तुझ्या पाया पडते, सांग, कवा भेटवशील.

तुळजाने पदर सोडवून घेतला.

"वर्सातनं एकदा तपासनी हाय त्याची," ती म्हणाली. "तवा ये. हिथंच बस, भाइर, बाकड्यावर. डॉक्टर काय सांगतो ते माझ्यासंगं ऐक. नि मग घरी जा."